वाघजाईचा सिंथेसायझर

सहदेवच्या उशाखाली एक पुस्तक असे, आणि ती पोथी असावी अशी घरात दोन वर्षं समजूत होती. तो ते आंघोळ करूनच उघडी, पानं उलटताना ओठ हलवी आणि मधेच डोळे मिटून बसे. त्याचे वडील आप्पा आल्यागेल्याला सांगत, "धाकटा वाचनाला लागलाय." प्रत्यक्षात ते परदेशातल्या एका वाद्यांच्या दुकानाचं सूचीपत्र होतं. थोरला भाऊ जानू मुंबईला गोदीत कामाला होता. बोटीतून उतरलेल्या कुठल्याशा खोक्यात काचसामान फुटू नये म्हणून ते कोंबलेलं होतं. जानूने ते सुट्टीवर येताना भावासाठी आणलं, कारण वरच्या पानावर पेटीसारखं काहीतरी दिसत होतं.

करवणे हे गाव वेळणेश्वराच्या वाटेवर नाही, हर्ण्याच्या वाटेवर नाही, तसं ते कशाच्याच वाटेवर नाही. दिवसातून दोनदा गुहागरहून येष्टी येते आणि चुकून आल्यासारखी लगेच वळते. अशा गावात सिंथेसायझर, चार ट्रॅकचा रेकॉर्डर आणि कानावर लावायचे हेडफोन यांच्याबद्दल बोलायला सहदेवला एकच माणूस होता, तो म्हणजे शाळेतले भिकाजी गुरुजी. गुरुजींना इंग्रजी येई, म्हणजे त्यांच्याकडे शब्दकोश होता. सिंथेसायझरमध्ये सूर उमटल्यापासून विरेपर्यंत त्याचे चार टप्पे असतात असं त्या पुस्तकात लिहिलं होतं. गुरुजींनी शब्दकोशातून ते चार टप्पे शोधून काढले: हल्ला, कुजणे, तग धरणे आणि सुटका. मग शब्दकोश मिटून ते म्हणाले, "माझ्या नोकरीचंही असंच आहे. सध्या दुसरा टप्पा चालू आहे."

सहदेवला हे सगळं हवं होतं त्याचं कारण साधं होतं. त्याला चाली सुचत. गणपतीत गावोगाव गाण्याच्या तालावर फेर धरून जाखडी नाचते, करवण्याचीही नाचे, आणि तिच्या गाण्यांच्या चाली गेली सहा वर्षं सहदेव बांधत होता. पण जाखडीत शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव गुंफायचा रिवाज असतो, आणि करवण्याचे शाहीर होते केरूबुवा. तेव्हा चाल सहदेवची, नाव केरूबुवांचं, असं सहा वर्षं चाललं होतं. सहदेवने स्वतःच शाहीर व्हावं तर त्याचा गळा असा होता की तो गायला लागला की शेजारच्या गोदाकाकू बाहेर येऊन कोंबड्या मोजत.

याच गोदाकाकूंकडे एक टेपरेकॉर्डर होता. त्यांचा लेक मस्कतला होता. तो पत्र लिहीत नसे, कॅसेट भरून पाठवी, आणि काकू तीच कॅसेट उलट बाजूने भरून परत पाठवत. त्या टेपरेकॉर्डरवर सहदेवने एकदा पेटी वाजवून दोन चाली भरल्या आणि मुंबईच्या एका कॅसेट कंपनीला पाठवल्या. श्रावणात कंपनीचं कार्ड आलं.

"आपल्या चाली चांगल्या आहेत. ध्वनिमुद्रण चांगले नाही. त्यात सर्वांत स्वच्छ आवाज कुत्र्याचा आला आहे. दसऱ्याच्या आत चार नव्या चाली फक्त वाद्यावर वाजवून, स्वच्छ भरून पाठवाव्यात. पसंत पडल्यास आमचे गायक गातील व वेष्टनावर संगीतकार म्हणून आपले नाव छापण्यात येईल."

सहदेव तेवीस वर्षांचा होता. त्याचं नाव आजवर दोनदा छापून आलं होतं, एकदा मतदार यादीत आणि एकदा दहावीच्या नापासांत, आणि मतदार यादीत ते चुकलं होतं. त्याने ते कार्ड इतक्या वेळा वाचलं की त्यावरची शाई बोटांना लागून निम्मी उतरली.

त्याने जानूला लिहिलं की दादा, काहीतरी कर. जानूचं उत्तर आठवड्यात आलं. गोदीतला एक माणूस अशा वस्तू मिळवून देतो, दोन बाजे आहेत, एक काळा, एक करडा, गणपतीला येताना एक आणतो, कुठला आणू ते उलटटपाली कळव. हे पत्र आप्पांनी फोडलं, कारण घरात येणारं प्रत्येक पत्र आप्पाच फोडत आणि मगच ज्याचं त्याला देत.

"काळा कोण?" आप्पांनी विचारलं.

"बाजा हाय, आप्पा. विजेवरचा."

"आणि करडा?"

"तो पण बाजा."

"तुला कुठला हवा?"

"काळा. करड्यात आवाज तयार भरलेले आसतात. ठेका पण तयार. काळ्यात तसं नाय. त्यात आवाज आपण घडवायचा."

आप्पांनी विचार केला. "म्हंजे करडा पुरा झालेला हाय, आणि काळा अर्धा झालेला हाय."

"अर्धा नाय आप्पा, त्यात आपल्याला हवा तसा..."

"इतक्या लांबून अर्धी वस्तू आणायची?"

सहदेवने पुस्तक आणून काळ्याचं चित्र दाखवलं. पोथीत असलं चित्र पाहून आप्पांना थोडा धक्का बसला, पण ते मानकरी होते, वाघजाईच्या देवळात त्यांचा मान होता, आणि अवघड प्रश्नाचं काय करायचं हे त्यांना वडिलांपासून ठाऊक होतं. "आपण कशाला डोकं चालवा," ते म्हणाले. "कौल लावू."

कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलांचे ओले कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवा कळा आधी पडला तर एक उत्तर, डावा पडला तर दुसरं. आप्पांच्या घरात कौलाशिवाय काही येत नसे. जानूची बायको कौलाने आली होती, म्हैस कौलाने आली होती, आणि दोघींचं एकमेकींशी उत्तम जमत होतं. कौलाविरुद्ध बोलायला घरात पुरावाच नव्हता.

सहदेव आदल्या दिवशी भागोजी गुरवाला गाठून म्हणाला, "भागोजीकाका, काळा उजवीकडं ठेवा." वाघजाईचा उजवा कळा बऱ्याचदा आधी पडतो हे गावाला माहीत होतं. देवी स्वभावाने चांगली असल्यामुळे तसं होतं असं गाव मानी. पाषाण उजवीकडे जरा कलता आहे असं भिकाजी गुरुजी मानत, पण ते बदलीच्या अर्जावर होते आणि कोणाशी वाद घालत नसत.

"ठेवीन की," भागोजी म्हणाला. "तिला काय, उजवा नि डावा सारखाच."

सकाळी देवळात निम्मा गाव जमला. सिंथेसायझर हा शब्द भागोजीच्या तोंडात बसेना, म्हणून त्याने तो सोडून दिला.

"आई वाघजाय म्हाराजा," त्याने सुरू केलं.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"हा तुजा लेकरू सहदेव, याला विजेवरचा बाजा आणायचा हाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"एक काळा हाय, एक करडा हाय. उजवा तो काळा, डावा तो करडा. तुला काय पसंत पडंल तो सांग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबायला हवं होतं. पण आप्पा मानकरी होते, आणि मानकऱ्याने गाऱ्हाण्यात दोन शब्द घालायचे असतात. नुसतंच पोराच्या हौसेसाठी देवीला उठवलं असं दिसू नये म्हणून ते म्हणाले, "जो गावाच्या कामी येईल, तो दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला, आणि सर्वांत मोठ्याने सहदेव म्हणाला.

उजवा कळा आधी पडला. सहदेवला इतका आनंद झाला की तो आधी भागोजीच्या पाया पडला आणि मग देवीच्या. क्रम उलटा झाला हे कोणाच्या लक्षात आलं नाही. केरूबुवा मात्र खांबाला टेकून शांत उभे होते.

"चला," ते म्हणाले, "आईचा बाजा झाला. ठेवायचा कुठं? मला वाटतं सभामंडपात, पालखीच्या बाजूला."

"घरी," सहदेव म्हणाला. "पडवीत. मी जागा केलीय."

"घरी कसा? आता मागितलास ना, गावाच्या कामी येईल तो दे म्हणून. तिनं दिला. मंग तो गावाचा. आणि गावाची वस्तू देवळात."

"बुवा, आमची म्हैस पण कौलानं आली. ती काय देवळात बांधली?"

केरूबुवांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "म्हशीच्या टायमाला गावाच्या कामी असं कोण बोललं नव्हतं."

सहदेवने आप्पांकडे पाहिलं. आप्पा आभाळाकडे बघत होते. देवळात आभाळ दिसत नाही, पण ते बघत होते.

गणपतीच्या आदल्या दिवशी जानू आला. त्याने मुंबईपासून काळा बाजा मांडीवर आणला होता, आणि त्याचे पाय माणगावलाच बधिर झाले होते. बरोबर एक जड लोखंडी खोका होता. बाजा परदेशातल्या कमी दाबाच्या विजेवर चालणारा असल्यामुळे मधे हा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, नाहीतर बाजा जळेल, असं जानूने सांगितलं. बाजा सभामंडपात ठेवला. खोका ठेवायला गेला तेव्हा भागोजी आडवा आला.

"हा कोण?"

"याच्याशिवाय तो चालत नाय," सहदेव म्हणाला.

"आसंल. पण हा कौलात नव्हता."

तर खोक्यासाठी वेगळा कौल लागला. डावा पडला, म्हणजे नाही. सहदेव देवळाच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी नारळ ठेवून पुन्हा विचारलं, तेव्हा उजवा पडला. आई रागावली नव्हती, तिला फक्त अवधी हवा होता, असं भागोजीने सांगितलं.

खोका लावला, दिवा पेटला, आणि सगळा गाव भोवती उभा राहिला. सहदेवने हात धुतले होते. त्याच्या डोक्यात दोन वर्षांचा एक सूर तयार होता, सुरुवातीला हळू उमटणारा, मग फणसाच्या गऱ्यासारखा भरीव, आणि शेवटी लांब विरत जाणारा. त्याने बोट पुढे केलं. तेवढ्यात जानूने कोपऱ्यातलं लाल बटण दाबलं, कारण गोदीतल्या माणसाने त्याला तसं दाबून दाखवलं होतं.

बाजा आपला आपणच वाजू लागला. ढोल, तंतुवाद्यं, बासऱ्या, मधे एक घंटा, सगळं एकदम. बाजा काय काय करू शकतो हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून कारखान्यातच भरून दिलेली ती एक धून होती. तीन मिनिटं ती चालली आणि संपली.

"हे कोण वाजवतंय?" आप्पांनी हळू विचारलं.

"आत भरलेलं हाय," जानू म्हणाला. "जपानात."

"वा," केरूबुवा म्हणाले. "शिकलेला आलाय."

मग सहदेवने वाजवायला घेतलं. काळ्या बाजाला चाळीसेक बटणं आणि सरकपट्ट्या होत्या, आणि पुस्तकातलं चित्र पाहून त्या आपल्याला चालवता येतील असं त्याला वाटलं होतं. पहिला सूर उमटला तो घशात काटा अडकलेल्या बोक्याचा होता. दुसरा उमटलाच नाही. गावाने दोन मिनिटं वाट पाहिली.

"सहदेवा," खालच्या वाडीतली सोनूबाई म्हणाली, "त्याला येतंय ना सगळं. मंग तू मधी बोटं कशाला घालतंस?"

त्या दिवसापासून वाघजाईची आरती जपानी धुनेवर होऊ लागली. भागोजी एका हाताने आरती ओवाळी आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबी. धून तीन मिनिटांत संपे, म्हणून आरती तीन मिनिटांत बसवली गेली. दोन कडवी गळली, पण कोणती गळली यावर एकमत नव्हतं. सहदेवला बाजा मिळे तो दुपारी, भागोजी जेवून झोपला की. त्याने वहीत प्रत्येक पट्टीची जागा लिहून ठेवायला सुरुवात केली. एक-एक सूर घडवायला त्याला चार-चार दिवस लागले. चार दिवस खपून केलेला आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी फडक्याने बाजा पुसताना सरकवून ठेवलेला असे. बाजा स्वच्छ राहिला पाहिजे, देवीचा आहे, असं गावाचं म्हणणं होतं.

तोपर्यंत मुंबईला परतलेल्या जानूचं पुन्हा पत्र आलं. चार ट्रॅकचा रेकॉर्डर मिळतोय, आणि हेडफोन.

ही सहदेवला खरी सोय होती. त्या रेकॉर्डरवर एकाच माणसाने एकामागून एक चार वेळा वाजवायचं, आणि ऐकताना चौघांनी एकदम वाजवल्यासारखं वाटतं. करवण्यात चौघे एकदम वाजवत तेव्हा चार गावांत चार लग्नं लागल्यासारखं वाटे, म्हणून सहदेवला एकट्याने चौघं व्हायचं होतं. पण पत्र आप्पांनी फोडलं, आणि कौल लागला.

हेडफोनला देवीने सरळ नाही म्हटलं. आईच्या बाजाचं गाणं एकट्याने कानात ऐकायचं, तिलासुद्धा ऐकू द्यायचं नाही, हे तिला कसं आवडेल, असं केरूबुवांनी समजावलं, आणि सहदेवला ते पटलं याचाच त्याला राग आला. रेकॉर्डरच्या वेळी मात्र नवल झालं. दोन्ही कळे एकाच क्षणी पडले. भागोजीने तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. तो घाबरून मागे सरला आणि शेवटी भिकाजी गुरुजींना बोलावलं गेलं, कारण ते शिकलेले होते.

"हो आणि नाही," गुरुजी म्हणाले. "दोन्ही."

"मंग करायचं काय?"

गुरुजींनी बराच विचार केला. "आणावा. पण उघडू नये."

गावाला हे एकदम पटलं. रेकॉर्डर आला, तो खोक्यासकट सभामंडपात चौरंगावर ठेवला गेला, त्याला हळदकुंकू वाहिलं गेलं. खोक्यावर यंत्राचं रंगीत चित्र होतं. सहदेव रोज दुपारी त्या चित्रासमोर उभा राहून कुठलं बटण कशाचं ते तोंडाने म्हणे. नवखी माणसं त्यालाही स्तोत्र समजत.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा तो गोदाकाकूंकडे गेला.

"टेप दे गो काकू. एका दुपारपुरती."

"देते. पण आत माझ्या लेकाची कॅसेट हाय, ती नीट काढून ठेव. आणि सहदेवा, तू गाणार नायस ना?"

"नाय. वाजवणार हाय."

"मंग ने."

एक दुपार, एक टेपरेकॉर्डर, आणि गिरवून गिरवून शेवटी हाताला लागलेले चार आवाज. त्याने कुत्र्यांना भाकऱ्या टाकून वरच्या वाडीला पाठवलं. देवळाचं दार लोटायला गेला तेव्हा भागोजी झोपेतूनच म्हणाला, "दार लोटायचं नाय. कोणाला देवीची गरज लागली तर?"

पहिली चाल नीट भरली गेली. दुसरी भरताना गरज लागली. सोनूबाईची म्हैस दोन दिवस घरी आली नव्हती आणि सोनूबाईला देवीला विचारायचं होतं की म्हैस खालच्या रानात आहे की वरच्या. सहदेव हाताने थांब-थांब खुणा करत वाजवत राहिला. सोनूबाईला वाटलं तो तिला पुढे बोलावतोय. भागोजी उठला, घंटा वाजली, गाऱ्हाणं झालं. सहदेवने सुरुवातीपासून पुन्हा भरलं. पुन्हा घंटा वाजली, कारण म्हैस खालच्या रानात सापडली होती आणि सोनूबाई सांगायला आली होती. तिसरी चाल एका दमात झाली. चौथीच्या शेवटी, अगदी शेवटचा लांब सूर विरत असताना, कोणीतरी बाहेरून विचारलं, "आरती झाली काय?" आणि ते तसंच राहिलं, कारण कॅसेट संपली होती.

तरीही संध्याकाळी त्याने ती कॅसेट दोनदा ऐकली. घंटेच्या मागे, सोनूबाईच्या मागे, चाली होत्या. त्याच्या होत्या. दुसऱ्या कोणाच्या असू शकत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या येष्टीने पाकीट गुहागरच्या टपालात गेलं तरच ते दसऱ्याच्या आत मुंबईला पोचणार होतं. सकाळी तो पडवीत कागद घेऊन बसला. वरती त्याने लिहिलं: संगीतकार. त्यापुढे दोन टिंबं दिली. तेवढ्यात आप्पा आले, आणि त्यांच्यामागे केरूबुवा.

"नाव कोणाचं घालतंस?" आप्पांनी विचारलं.

"माजं."

"आईच्या बाजावर, आईच्या देवळात वाजवलंस. तुजं कसं?"

"चाल माजी हाय, आप्पा."

"चाल तुजी हाय हे मी कुठं नाय म्हणतोय," केरूबुवा म्हणाले. "तुज्या चाली सहा वर्षं मीच गातोय. मला नाय माहीत तर कोणाला? पण शाहिराचं नाव आसलं की वजन येतं. बाकी तुमी ठरवा."

"आपण कशाला ठरवा," आप्पा म्हणाले.

सहदेवने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून म्हटलं, "लावा कौल. उजवा मी, डावी आई." केरूबुवांना यात जागाच उरली नाही, तरी ते सगळ्यांबरोबर देवळात आले.

भागोजीला या पोराची मनापासून दया येत होती. इतक्या मोठ्या गोष्टीचा कौल घाईघाईत पडू नये, नंतर कोणी शंका घेऊ नये, म्हणून त्याने कळे नेहमीपेक्षा जास्त भिजवले आणि चांगले दाबून चिकटवले. गाऱ्हाणं झालं. यावेळी आप्पांनी एक शब्दही वाढवला नाही. सगळे बघत बसले.

कळे पडेनात. एक तास झाला. उजवा जरा हलल्यासारखा वाटला, पण ती मुंगी होती. दोन तास झाले. सहदेव पापणी न लववता बघत होता. त्याने मनात देवीला सांगितलं की माझं नाव नको असेल तर डावा पाड, माझी हरकत नाही, पण काहीतरी पाड. वळणावर येष्टीचा हॉर्न वाजला.

"भागोजीकाका, किती चिकटवलात?"

"नीट चिकटवलं," भागोजी म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "तुज्यासाठी."

"आता?"

"आता ती बोलेपर्यंत थांबायचं. उद्यापर्यंत बोलंल."

नाव लिहावं तर देवीने दिलेलं नव्हतं. देवीचं लिहावं तर तेही तिने मागितलेलं नव्हतं. सहदेवने कागदाची घडी घातली, संगीतकार आणि त्यापुढे दोन टिंबं, आणि तसाच तो पाकिटात घालून येष्टीच्या मागे पळाला. कंडक्टरने पाकीट खिडकीतून घेतलं. कळे तिसऱ्या दिवशी पहाटे पडले. आधी कुठला पडला ते पाहायला कोणी नव्हतं.

डिसेंबरात कंपनीचं पाकीट आलं आणि ते आप्पांनी फोडलं. आत छापील वेष्टनासकट एक नवी कॅसेट होती, आणि एक पत्र. चाली अप्रतिम आहेत, आमच्या गायकांनी त्या गायल्या आहेत, कॅसेट बाजारात आली आहे. मागे ऐकू येणारी घंटा आणि गाऱ्हाणी यांवरून या चाली आपल्या देवळात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या आहेत हे आमच्या लक्षात आलं, संगीतकाराची जागा आपण प्रामाणिकपणे कोरी सोडली याचं विशेष कौतुक वाटलं. वेष्टनावर छापलं होतं: संगीत, पारंपरिक.

गावाने देवळात कॅसेट लावली. आप्पांनी डोळे पुसले. केरूबुवांनी सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅसेट संपेपर्यंत काढला नाही. "चांगलं झालं," ते म्हणाले. "माजं पण नाय आणि तुजं पण नाय. पुढच्या गणपतीला आणखीन चार काढ. पारंपरिकच काढ, ती खपतात."

"बघतो," सहदेव म्हणाला.

जानेवारीत आप्पांच्या चष्म्यासाठी तो चिपळूणला गेला होता. येष्टी स्टँडच्या बाहेर कॅसेटची एक टपरी होती आणि तिथे त्याची तिसरी चाल लागली होती. तो थांबला. टपरीवाला मफलर गुंडाळून बसलेला म्हातारा होता, आणि तो कॅसेटबरोबर गुणगुणत होता.

"चाल चांगली हाय," सहदेव म्हणाला.

"जुनी हाय. दीडशे वर्षं तरी झाली. आजोबा म्हणायचे आमचे."

"हीच?"

"हीच. शेतात नांगर धरून म्हणायचे. मी लहान होतो, बांधावर बसून ऐकायचो." म्हाताऱ्याचे डोळे खरंच भरून आले. "पण ह्यांनी दुसरी ओळ बिगडवलीय. कॅसेटवाल्यांना काय कळतंय? आजोबा वर चढत नव्हते तिथं. खाली यायचे."

"कसे?"

म्हाताऱ्याने कॅसेट बंद केली आणि म्हणून दाखवलं. सहदेवने ऐकलं. मग टपरीच्या फळीला हात टेकून त्याने आणखी एकदा म्हणायला सांगितलं. गुहागरची गाडी लागली, भरली आणि सुटली. म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा म्हटलं, आणि सहदेवला मान्य करावं लागलं की आजोबांचीच दुसरी ओळ जास्त बरी होती.